बीटीआरएफएसमध्ये एक्स्टेंट अधूनमधून गायब होतात: लीफच्या शेवटी अडकणारा बग

बीटीआरएफएस ही लिनक्सवरची एक फाइलसिस्टीम. फाइलच्या सलग तुकड्याला तिच्यात एक्स्टेंट म्हणतात. एक्स्टेंटच्या नोंदी झाडासारख्या रचनेत, म्हणजे ट्रीमध्ये असतात, आणि ट्रीच्या सगळ्यात खालच्या पानांना लीफ म्हणतात. लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. बॅकअपमधून परत आणलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क इमेजमध्ये मध्येच एक मोठा पट्टा निव्वळ शून्यांचा निघतो. मूळ फाइल मात्र ठणठणीत असते. स्क्रब (डिस्कवरच्या डेटाची पडताळणी) स्वच्छ, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एक ओळ नाही, फाइलसिस्टीम चेकची काही तक्रार नाही. तोच बॅकअप पुन्हा घेतला की सगळं बरोबर येतं. महिना-दोन महिने शांततेत जातात आणि मग दुसऱ्याच मशीनवर, दुसऱ्याच फाइलमध्ये तसाच पट्टा सापडतो.

आमच्याकडे हा बग तीनदा ‘बंद’ झाला होता. चौथ्यांदा आला तेव्हा तिकीट माझ्याकडे आलं. खरं कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं की ही चूक बीटीआरएफएसच्या ट्रीवर काम करणारा कुणीही करू शकतो, आणि बहुतेकजण एकदा तरी करतातच. म्हणून सविस्तर लिहितोय. चूक बीटीआरएफएसमध्ये नव्हती, त्याचं शोधाचं फंक्शन कॉल करणाऱ्या आमच्या कोडमध्ये होती.

आमचा कोड काय करायचा? कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, आमचा एक छोटा पॅच (आम्ही जोडलेला जादा कोड) होता. एखाद्या फाइलचा 64 एमबीचा तुकडा घ्यायचा, त्यात कोणकोणते एक्स्टेंट आहेत, ते डिस्कवर कुठे आहेत आणि कोणत्या जनरेशनचे, म्हणजे कोणत्या ट्रान्झॅक्शनमध्ये (बदलांच्या गठ्ठ्यात) लिहिलेले, आहेत याची यादी बनवायची. जिथे एक्स्टेंट नाही तिथे होल, म्हणजे रिकामी जागा, असं समजून बॅकअप तो भाग वाचतच नसे. नुसते होल शोधायचे असते तर सीक-डेटा आणि सीक-होल (पुढचा डेटा किंवा होल कुठे आहे ते सांगणारे कॉल) यांवर भागलं असतं, पण आम्हाला जनरेशन हवं होतं, म्हणून थेट ट्रीमध्ये उतरावं लागलं.

शून्यांचा पट्टा नेहमी 64 एमबीच्या पटीवर सुरू व्हायचा. ही खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती आणि तिनेच आम्हाला चकवलं. सगळ्यांना वाटलं, अपलोड होताना तुकडा हरवतोय. म्हणून पहिला उपाय झाला अपलोडच्या रीट्रायचा. दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, हा रेस आहे, आपण यादी बनवत असताना मशीन फाइलमध्ये लिहीत असणार. मग इनोडवर, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीवर, लॉक आला. तिसऱ्या वेळी गाडी योग्य गावापर्यंत पोहोचली, पण चुकीच्या घरासमोर थांबली. लूपमध्ये नेक्स्ट-लीफचा, म्हणजे पुढच्या लीफवर नेणारा, कॉल घातला गेला, पण लूपच्या तळाशी. दर वेळी उपायानंतर पुन्हा बॅकअप घेतला आणि तो बरोबर आला, कारण तोवर मशीनने फाइलमध्ये आणखी लिहिलेलं असायचं आणि लीफच्या सीमा सरकलेल्या असायच्या. दुरुस्तीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शोध कुठे उतरतो

इंग्रजी ‘की’ (key) या शब्दाने मराठी वाक्यात गोंधळ होतो, म्हणून इथे मी किल्ली म्हणेन. बीटीआरएफएसमध्ये प्रत्येक नोंदीला, म्हणजे आयटमला, तीन भागांची किल्ली असते: 64 बिटांचा ऑब्जेक्ट आयडी, 8 बिटांचा टाइप आणि 64 बिटांचा ऑफसेट. मिळून 136 बिट, म्हणजे 17 बाइट. फाइलच्या एक्स्टेंटसाठी ऑब्जेक्ट आयडी म्हणजे इनोड क्रमांक, टाइप 108, आणि ऑफसेट म्हणजे तो एक्स्टेंट फाइलमध्ये जिथून सुरू होतो ती जागा. सगळ्या किल्ल्या याच क्रमाने लावलेल्या असतात: आधी ऑब्जेक्ट आयडी, मग टाइप, मग ऑफसेट.

शोधायचं फंक्शन म्हणजे सर्च-स्लॉट. ते तीन प्रकारची उत्तरं देतं. ऋण आकडा म्हणजे एरर. शून्य म्हणजे हवी तीच किल्ली सापडली. 1 म्हणजे सापडली नाही, पण ती असती तर कुठल्या स्लॉटवर (लीफमधल्या कितव्या जागेवर) असती ते पाथमध्ये (वरून लीफपर्यंतच्या वाटेच्या नोंदीत) लिहून ठेवलंय. सगळा घोळ या तिसऱ्या उत्तरात आहे. ‘असती तर कुठे असती’ ही जागा लीफच्या शेवटच्या आयटमच्याही पुढची असू शकते. लीफमध्ये 51 आयटम असतील, म्हणजे स्लॉट 0 ते 50, तर सर्च-स्लॉट तुमच्या हातात 51 ठेवू शकतो. तिथे काहीच नसतं.

आता पुढचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मला स्वतःला तो समजायला दोन दिवस लागले. जुन्या शब्दकोशात प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानावरचा पहिला शब्द छापलेला असतो. तुम्ही असा एखादा शब्द शोधताय जो कोशात नाहीच, आणि क्रमाने तो एका पानाचा शेवटचा शब्द आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द यांच्यामध्ये पडतो. माथ्यावरचे शब्द बघत तुम्ही कुठल्या पानावर थांबाल? डाव्या. कारण उजव्या पानाचा पहिला शब्द तुमच्या शब्दाच्या पुढचा आहे. ट्रीचे वरचे नोडही नेमके असेच वागतात. त्यांच्यात प्रत्येक मुलाची पहिली किल्ली असते, आणि खाली उतरताना शोधलेल्या किल्लीएवढी किंवा तिच्याहून लहान अशी शेवटची किल्ली निवडली जाते. त्यामुळे दोन लीफच्या मधल्या फटीत पडणारी किल्ली नेहमी डाव्या लीफच्या शेवटापलीकडे उतरते, उजव्या लीफच्या सुरुवातीला कधीच नाही. न सापडलेल्या किल्लीसाठी स्लॉट 0 मिळायचा असेल तर ती किल्ली त्या ट्रीतल्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा लहान असावी लागते.

आमचा कोड शोध घ्यायचा, उत्तर 1 आलं तर एक स्लॉट मागे डोकावून बघायचा, आणि मागचा एक्स्टेंट आपल्या सुरुवातीच्या जागेला झाकत असेल तर एक पाऊल मागे यायचा. इथवर बरोबर. झाकत नसेल तर आहे त्याच स्लॉटवरची किल्ली वाचायचा. तो स्लॉट लीफमध्ये आहे तरी का, हे तपासल्याशिवाय. तिथून आलेल्या किल्लीचा इनोड क्रमांक आपला नाही असं दिसलं की कोड समजायचा, फाइल संपली. पूर्ण 64 एमबीचा तुकडा होल म्हणून नोंदवला जायचा.

इतके दिवस लपला कसा

लपायला त्याला तीन आडोसे होते.

पहिला म्हणजे जुन्या फाइलसिस्टीम. पूर्वी बीटीआरएफएस होलसाठीसुद्धा एक्स्टेंट आयटम ठेवायचं. फाइलच्या कुठल्याही जागेला झाकणारा एखादा आयटम असायचाच, म्हणून मागे डोकावलं की काम व्हायचं आणि कोड त्या धोक्याच्या ओळीपर्यंत पोहोचतच नसे. नो-होल्स हे फीचर कर्नल 3.14 पासून, म्हणजे 2014 पासून आहे, पण एमकेएफएस (फाइलसिस्टीम बनवणारी कमांड) ते आपोआप लावायला लागलं 5.15 या आवृत्तीपासून, 2021 च्या शेवटी. त्यानंतर बनवलेल्या फाइलसिस्टीममध्ये होलला आयटम नसतो. आमचा बग फक्त नव्या मशीनवर का येतो, हे कोडं इथे सुटलं. तुमच्या फाइलसिस्टीममध्ये हे फीचर लावलंय का ते बीटीआरएफएसच्या इन्स्पेक्ट-इंटर्नल कमांडच्या डम्प-सुपरमध्ये, इनकॉम्पॅट फ्लॅग्जच्या यादीत दिसतं.

दुसरा आडोसा आमच्या टेस्टचा. टेस्ट फाइल 1 जीबीची, दर 64 केबीवर 4 केबी लिहिलेली. तुकडे 64 एमबीचे. 64 एमबी ही 64 केबीची पटच, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नेमका एक एक्स्टेंट सुरू व्हायचा. शोधाचं उत्तर दर वेळी शून्य. न सापडणारी किल्ली आमच्या टेस्टने कधी शोधलीच नव्हती.

तिसरा आडोसा सगळ्यात विलक्षण, आणि तो माझ्या नाही, टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलीच्या लक्षात आला. मी तिला टेस्ट बदलायला सांगितली होती: तुकडे उलटसुलट क्रमाने लिही आणि सुरुवात होलमध्ये घे. संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, “दादा, एफसिंक करून लगेच चालवलं तर पास होतंय. सिंक कमांड दिली की फेल.”

एफसिंक म्हणजे एकाच फाइलचे बदल डिस्कवर पक्के करणं, सिंक म्हणजे सगळेच. मी म्हटलं, “उलटं बघितलं असशील.”

“नाही, वीस वेळा चालवलं. तुम्ही या ना, दाखवते.”

तिचं बरोबर होतं. त्याचं कारण लीफच्या रचनेत आहे. लीफच्या सुरुवातीला 101 बाइटांचा हेडर. त्याच्यामागे आयटमचे हेडर, प्रत्येकी 25 बाइटांचे: 17 बाइटांची किल्ली, चार बाइटांत डेटा कुठे आहे ते आणि चार बाइटांत तो किती आहे ते. हे पुढून मागे वाढत जातात. खुद्द डेटा लीफच्या शेवटाकडून पुढे सरकत येतो. मधे मोकळी जागा. लीफ भरलं की ते फुटतं: मागचे निम्मे आयटम नव्या उजव्या लीफमध्ये कॉपी होतात आणि डाव्या लीफमध्ये फक्त आयटमची संख्या कमी केली जाते. जे आयटम गेले त्यांचे हेडर आणि डेटा डाव्या लीफच्या मेमरीत तसेच पडून राहतात.

म्हणजे आमचा कोड हद्दीबाहेरचा स्लॉट वाचायचा तेव्हा त्याला तिथे बहुतेक वेळा काय मिळायचं? उजव्या लीफमध्ये गेलेल्या पहिल्या आयटमची शिळी प्रत. किल्ली बरोबर, डेटाही बरोबर. चुकीच्या जागी हात घालून बरोबर उत्तर! टेस्ट पास.

मग लीफ डिस्कवर लिहायची वेळ येते. लिहिण्याआधी कर्नल शेवटच्या आयटमनंतरची मोकळी जागा शून्यांनी पुसून टाकतो, म्हणजे शिळा मजकूर डिस्कवर जात नाही. त्यानंतर त्याच स्लॉटवर किल्ली मिळते 0, 0, 0. इनोड 0 आपला नाही, फाइल संपली, लूप बंद. एफसिंकने हे सहसा घडत नाही, कारण त्याची नोंद वेगळ्या लॉग ट्रीमध्ये जाते आणि मुख्य ट्रीचं लीफ मेमरीत तसंच राहतं. सिंकने पूर्ण ट्रान्झॅक्शन कमिट होतं, म्हणजे साठलेले सगळे बदल डिस्कवर जातात. कुणी सिंक नाही दिला तरी डिफॉल्टने दर 30 सेकंदांनी कमिट होतंच. प्रत्यक्षातले बॅकअप अर्थातच कमिट होऊन तासन् तास झाल्यावर चालायचे.

हा रेस नव्हता हेही यातून दिसतं. पाथ हातात असेपर्यंत लीफवर रीड लॉक असतो, त्यात कुणी बदल करू शकत नाही. इनोडवरच्या त्या जादा लॉकने फक्त मशीन संथ केलं होतं.

बग हमखास दाखवायचा कसा

रोजच्या 16 केबीच्या लीफवर याची वाट बघत बसू नका. एक्स्टेंट आयटमचा डेटा 53 बाइटांचा, हेडरचे 25 धरून 78. 16 केबीच्या लीफमध्ये असे 208 मावतात. नोडसाइज (एका लीफचा आकार) 4096 देऊन फाइलसिस्टीम बनवली तर फक्त 51. वरच्या 1 जीबीच्या फाइलमध्ये 16,384 एक्स्टेंट, म्हणजे कमीत कमी 322 लीफ आणि जवळपास तेवढ्याच फटी. एक-दोन जीबीची रिकामी फाइल बनवा, तिच्यावर 4 केबी नोडसाइजची बीटीआरएफएस बनवा, लूप डिव्हाइसने (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या सोयीने) माउंट करा. क्यूएमूमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, केलंत तर आणखी बरं, कर्नल पडला तरी तुमचं मशीन चालू राहतं.

मग फाइल लिहा, सिंक करा, आणि डम्प-ट्री कमांडने ट्री क्रमांक 5 (फाइलची मुख्य ट्री) बघा. एका लीफचा शेवटचा आयटम आणि पुढच्या लीफचा पहिला आयटम शोधा. माझ्या एका टेस्टमध्ये डाव्या लीफच्या शेवटी होती किल्ली 257, 108, 4063232, लांबी 4096. म्हणजे तो एक्स्टेंट 4067328 ला संपतो. उजव्या लीफची पहिली किल्ली 257, 108, 4128768. या दोन आकड्यांमधली कुठलीही सुरुवात द्या, उदाहरणार्थ 4100096, आणि चुकीचा कोड दर वेळी, न चुकता, ‘इथून पुढे काही नाही’ असं सांगेल. सहा महिने अधूनमधून येणारा बग एका आकड्याने दर वेळी यायला लागला, तो क्षण मी विसरणार नाही.

कायमच्या टेस्टसाठी मी सरळ मार्ग घेतला. फाइलमधली 4 केबीच्या पटीतली प्रत्येक जागा सुरुवात म्हणून द्यायची आणि आपलं उत्तर सीक-डेटाच्या उत्तराशी ताडून बघायचं. 1 जीबीसाठी 2,62,144 कॉल होतात. कंटाळवाणं आहे, पण मशीनला कंटाळा येत नाही. दर वेळी आधी सिंक द्या आणि माउंट काढून पुन्हा माउंट करा, म्हणजे शिळ्या मेमरीचा आधार मिळणार नाही.

दुरुस्त लूप

पूर्ण सी कोड इथे देत नाही, क्रम देतो. महत्त्व क्रमालाच आहे.

किल्ली ठरवा: इनोड, 108, सुरुवात.
शोध घ्या. उत्तर ऋण असेल तर एरर परत करा.
उत्तर 1 आणि स्लॉट शून्यापेक्षा मोठा असेल तर मागच्या स्लॉटवर डोकावा. तोच इनोड, तोच टाइप आणि सुरुवातीला झाकणारा एक्स्टेंट असेल तरच मागे या.
लूप सुरू:
स्लॉट आयटमच्या संख्येएवढा किंवा मोठा आहे का? असेल तर नेक्स्ट-लीफ. ऋण उत्तर म्हणजे एरर परत करा, 1 म्हणजे ट्री संपली, शून्य म्हणजे लूपच्या माथ्यावर परत.
आता किल्ली वाचा. इनोड किंवा टाइप वेगळा, किंवा ऑफसेट तुकड्याच्या बाहेर, तर थांबा.
नोंद करा, स्लॉट एकने वाढवा, लूपच्या माथ्यावर परत.

हद्दीची तपासणी लूपच्या माथ्यावर, किल्ली वाचण्याआधी. आमच्या तिसऱ्या दुरुस्तीत ती स्लॉट वाढवल्यानंतर, तळाशी होती. दुसऱ्या फेरीपासून सगळं सुरक्षित, पहिली फेरी उघडी. आणि बग होता पहिल्याच फेरीत.

त्याच दुरुस्तीत आणखी एक चूक होती. नेक्स्ट-लीफचं उत्तर शून्य नसेल तर लूप बंद, एवढंच लिहिलं होतं. डिस्कवरून लीफ वाचताना एरर आली तर ऋण उत्तर येतं, आणि तेही ‘फाइल संपली’ म्हणून गिळलं जायचं. बॅकअपच्या कोडमध्ये एरर आणि शेवट यांची गल्लत म्हणजे कुणाच्या तरी डेटावर पाणी. या दोन्हींना एकाच अटीत कधीही कोंबू नका.

2022 पासून कर्नलमध्ये फॉर-ईच-स्लॉट नावाचा मॅक्रो आहे, तो ही हद्दीची तपासणी स्वतः करतो. नवा कोड लिहिताना तोच वापरा. मात्र लूप संपल्यावर त्याचं उत्तर ऋण आहे का ते तपासायचं काम तुमच्याकडेच राहतं. फक्त ‘याच्यापुढचं पहिलं जे असेल ते’ हवं असेल तर सर्च-स्लॉट-फॉर-रीड आहे. तेही पुढच्या लीफवर आपोआप जातं.

स्लॉटचा आकडा जपून ठेवू नका

इथवर बग एक होता. पॅच पूर्ण वाचताना त्याचाच भाऊ सापडला. यादीचा बफर भरला की आमचा कोड पाथ सोडायचा, यादी युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमला, कॉपी करायचा, पुन्हा शोध घ्यायचा आणि आधीचा स्लॉट क्रमांक परत लावायचा. पाथ सोडणं योग्यच. ट्रीचा लॉक हातात असताना युजरच्या मेमरीत लिहायला गेलात आणि पेज फॉल्ट आला (ते पान मेमरीत तयार नसलं), तर तो फॉल्ट सोडवायला कर्नलला पुन्हा त्याच ट्रीकडे यावं लागू शकतं, आणि मग डेडलॉक, म्हणजे लॉकची वाट बघत कायमचं अडकणं. बीटीआरएफएसच्या स्वतःच्या ट्री-सर्च आयऑक्टलमध्ये (प्रोग्रॅमने कर्नलकडून ट्री शोधून घ्यायच्या कॉलमध्ये) 2020 मध्ये याच कारणासाठी दुरुस्ती झाली. पण पाथ सोडल्या क्षणी स्लॉट क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. मधल्या काळात आयटम शेजारच्या लीफमध्ये ढकलले गेले असतील, लीफ फुटलं असेल, पुढचा आयटम पुसला गेला असेल. टिकते ती फक्त किल्ली. शेवटच्या एक्स्टेंटचा शेवट हा पुढचा ऑफसेट धरून नव्याने शोध घ्या, आणि तो शोधही फटीत पडू शकतो हे धरूनच वरच्या लूपमध्ये शिरा.

हे किती नाजूक आहे ते बघायचं असेल तर नेक्स्ट-लीफचा सोर्स उघडा. तेही आतून पाथ सोडतं आणि लीफच्या शेवटच्या किल्लीने पुन्हा शोधतं. तिथल्या कॉमेंटमध्ये दोन शक्यता स्पष्ट लिहिल्या आहेत: मधल्या वेळात त्या किल्लीपुढे नवे आयटम आले असतील, किंवा ती किल्लीच पुसली जाऊन तिच्या जागी मोठी किल्ली आली असेल. दुसरी शक्यता सुटली तर पुढे लीफ खराब होऊ शकतं, असंही तिथे म्हटलंय. उलट्या दिशेने जाणाऱ्या प्रिव्ह-लीफमध्ये तर 2023 मध्ये अशीच दुरुस्ती करावी लागली. पाथ सोडलेला असताना दुसऱ्या कुणी आयटम घातला, तर तेच आयटम दुसऱ्यांदा हातात येऊ शकत होतं. मागे जाणारा लूप लिहिला असेल तर तुमचा कर्नल त्या दुरुस्तीच्या आधीचा आहे का ते बघा, आणि दर फेरीला नवी किल्ली आधीच्या किल्लीपेक्षा खरोखर लहान आहे ना ते तपासा. पुढे जाताना ती मोठी आहे ना ते तपासा. एका ओळीचा असर्ट (अट मोडली की थांबवणारी तपासणी) आहे.

युजरस्पेसमध्ये तोच बग, नव्या कपड्यांत

शेवटी आम्ही पॅच काढून टाकला आणि ट्री-सर्च आयऑक्टल वापरलं. त्याला रूटचे अधिकार लागतात, आमच्याकडे ते होतेच. कर्नल सांभाळायची कटकट गेली, पण पहिल्या आठवड्यातच प्रोग्रॅम एका फाइलवर गोल गोल फिरायला लागला.

या आयऑक्टलला किमान आणि कमाल ऑब्जेक्ट आयडी, टाइप आणि ऑफसेट द्यायचे असतात. वाचणाऱ्याला वाटतं, हे तीन स्वतंत्र फिल्टर आहेत. तसं नाही. किमान ही एक अख्खी किल्ली आहे आणि कमाल ही दुसरी, आणि मधलं सगळं परत येतं. इनोड 257 ते 260, टाइप 108 असं मागितलंत तर 258 चा इनोड आयटमही येतो, कारण 258, 1, 0 ही किल्ली त्या दोन टोकांच्या मधेच आहे. टाइपची तपासणी तुम्हालाच करायची. कमाल आणि किमान जनरेशनही लीफला लागतं, आयटमला नाही. लीफमध्ये एक आयटम नवा असला की शेजारचे जुने आयटमही सोबत येतात.

पुढच्या फेरीसाठी किमान किल्ली म्हणजे शेवटच्या मिळालेल्या किल्लीच्या लगेच पुढची किल्ली. ऑफसेटमध्ये एक मिळवा. ऑफसेट आधीच कमाल असेल तर तो शून्य करा आणि टाइपमध्ये एक मिळवा. टाइपही 255 असेल तर दोन्ही शून्य करून ऑब्जेक्ट आयडीत एक मिळवा. अगदी हातच्याची बेरीज. आमच्या कोडने फक्त ऑफसेट वाढवला होता, ऑब्जेक्ट आयडी आणि टाइप पहिल्याच फेरीचे ठेवले होते. दोन इनोड एका वेळी मागितले की शोध पुन्हा पहिल्या इनोडवर जायचा, आणि म्हणून ते फिरणं.

त्याच फंक्शनमध्ये आणखी एक. आयटमची संख्या सांगणारं फील्ड कर्नल उत्तर देताना बदलतो: जाताना ‘जास्तीत जास्त किती’, येताना ‘किती मिळाले’. दर कॉलआधी ते पुन्हा भरा, नाहीतर पुढची फेरी मागच्या फेरीएवढीच देईल. बफर 3992 बाइटांचा असतो, त्यामुळे मागच्या फेरीत दोनच मोठे आयटम मावले असतील तर पुढेही दोन-दोनच येत राहतील. आणि हेडरमध्ये लांबी शून्य दिसली तर तो आयटम रिकामा नसून बफरमध्ये न मावलेला असू शकतो. मग मोठा बफर घेणारी दुसरी आवृत्ती वापरा.

जुन्या बॅकअपचं काय

कोड दुरुस्त झाला तरी आधीचे बॅकअप तसेच राहतात, आणि खरी चिंता तीच होती. प्रत्येक फाइल पूर्ण पडताळायला आमच्याकडे वेळ नव्हता, पण बगनेच खूण ठेवली होती. चूक तुकड्याच्या सुरुवातीलाच होत होती, म्हणून संशयित फक्त तेच 64 एमबीचे तुकडे ज्यांच्यात बॅकअपच्या नोंदीनुसार एकही एक्स्टेंट नाही. बफर भरल्यावर पुढे चालू झालेल्या यादीत तुकड्याचा फक्त उरलेला भाग रिकामा दिसू शकतो, म्हणून ज्या तुकड्यांची नोंद बफरच्या मर्यादेवर नेमकी थांबते तेही यादीत घेतले. मूळ फाइल उपलब्ध असेल तिथे त्या जागी सीक-डेटाला विचारलं. त्याने तुकड्याच्या आत डेटा दाखवला की तो तुकडा पुन्हा घ्यायचा. मूळ फाइल मधल्या काळात बदललेली असू शकते, म्हणून यात काही तुकडे विनाकारण पुन्हा घेतले गेले, ते चालण्यासारखं होतं. मूळ फाइल जिथे उरलीच नव्हती, तिथल्या लोकांना आम्ही फोन करून फाइलचं नाव आणि नेमका पट्टा सांगितला.

नो-होल्सशिवाय बनवलेल्या जुन्या फाइलसिस्टीमवरचे बॅकअप आम्ही आधी वगळणार होतो. वगळू नका. नो-होल्स नंतरही, माउंट नसताना, बीटीआरएफएस-ट्यूनने चालू करता येतं, आणि त्यानंतर लिहिलेल्या फाइलमध्ये होलचे आयटम नसतात. आमच्या दोन मशीनवर तसं केलेलं निघालं.